आतली कडी

तुमच्या घरातली बाई अंघोळीला जाते, तेव्हा दाराची कडी आतून नीट बसते का? घरात विचारून सांगतो, असं म्हणू नका. विचारावं लागतंय म्हणजे तुम्हाला ठाऊक नाही. आणि ठाऊक नाही, कारण तुम्हाला आजवर कडीची गरजच पडलेली नाही. आपल्या कोल्हापुरात पुरुषाला अंघोळीसाठी अख्खी पंचगंगा आहे, तालमीचा हौद आहे, विहीर आहे, अंगणातला दगड आहे, आणि त्या दगडावर बसून आल्यागेल्याशी गप्पा मारायची सोयही आहे. बाईला काय आहे, ते आमची आक्का बघत हिंडायची.

अगदी खरोखर बघत हिंडायची. आक्का कुणाच्याही घरी गेली की उंबर्‍यातच विचारायची, “न्हाणी कुठं हाय तुमची?” यजमानाला वाटायचं, पाय धुवायचे असतील. आक्का आत जायची आणि बाहेर बसलेल्यांना नुसता कडीचा आवाज ऐकू यायचा. खडाक. मग पुन्हा खडाक. बाहेर येऊन ती निकाल सांगायची आणि मगच चहाला हात लावायची. एकदा आमच्या मंगळवार पेठेतच आम्ही एका बारशाला गेलो होतो. तिथली कडी एका खिळ्यावर लोंबकळत होती. पाळण्याला दोरी बांधायची घाई चाललेली, बायका गाणी सुरू करायच्या बेतात, आणि आक्का बाळाच्या बापासमोर जाऊन उभी. “पावणं, खिळा हाय का घरात?” तो बिचारा म्हणाला, “आक्का, बारसं होऊ दे की.” आक्का म्हणाली, “पोरीचं बारसं हाय न्हवं? मग आधी कडी मारा. नाव काय पळून जातंय व्हय?” त्या माणसाने जरीची टोपी घालून, पाहुण्यांदेखत, खिळा ठोकला. तेव्हापासून पेठेत तिचं नाव कडीआक्का पडलं. तिला बोलवायचं असेल तर लोक आधी कडी बघून घेऊ लागले. मला विचाराल तर एवढं काम नगरपालिकेनेही केलं नसेल.

आक्का म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण. तिचं सासर राधानगरीकडे. तिथला पाऊस असा, की उघड्यावर अंघोळ करायचं म्हटलं तर तापवलेलं पाणी अंगावर घ्यायच्या आत गार व्हायचं. म्हणून घरच्या बायका गोठ्यात अंघोळ करायच्या, अंगावरचं लुगडं अंगावरच ठेवून, म्हशीसमोर. आक्का सांगायची, “म्हस बरी. ती बघायची, पर कुणाला सांगायची न्हाई.” नवरा वारल्यावर ती आमच्याकडे आली. कोल्हापूर म्हणजे शहर, तिथे दार असणार, असं मनात धरून आली. आणि आमच्या घरात तिला काय मिळालं? मोरी. म्हणजे स्वयंपाकघराचा एक कोपरा, गुडघ्याएवढी भिंत, आणि भिंतीपलीकडे चूल. पुरुष चहा मागायला येतील म्हणून बायकांनी ते उठायच्या आत अंघोळी उरकायच्या, नाहीतर लुगड्यासकट दोन तांबे अंगावर ओतून घ्यायचे. आक्का पहिल्या दिवशी मोरीकडे बघून म्हणाली, “म्हस न्हाई एवढंच.”

आता आमच्या घराविषयी सांगायला हवं. पुढच्या खोलीत बाबांचा छापखाना होता. लग्नपत्रिका छापून पोट भरायचं आणि पत्रकं छापून जग सुधारायचं, असा बाबांचा बेत होता. पेठेत कुठेही अन्याय झाला की दुसर्‍या दिवशी आमच्याकडे पत्रक तयार. मी अक्षरं शिकले ती छापखान्यातल्या शिशाच्या अक्षरखिळ्यांवरून, म्हणजे आधी उलटी शिकले आणि मग शाळेत जाऊन सरळ केली. मला झोपवायला कुणी राजाराणीच्या गोष्टी सांगितल्या नाहीत. बाबा पत्रकांची मुद्रितं मोठ्याने वाचायचे, “नागरिक बंधू-भगिनींनो, किती दिवस सहन करणार?” आणि मला झोप लागायची. आक्काला वाचता येत नव्हतं, पण तांदूळ निवडता निवडता ऐकून बाबांची सगळी पत्रकं तिला तोंडपाठ झाली होती. एखाद्या वेळी बाबांचं वाक्य अडलं की आक्का आतून पुढचा शब्द सांगायची.

एका सकाळी मोरीतली मोठी फरशी खचली. बाबा म्हणाले, “दोन फरशा बदलून घेऊ.” आक्काने हातातला तांब्या खाली ठेवला. “बदलायचंच असंल तर दारासकट बदल. मला मरायच्या आधी एकदा तरी आतनं कडी घालून, अंगावर चिंधी न ठेवता, गाणं म्हणत अंघोळ करायची हाय. ही माझी मागणी समज.”

मागणी हा शब्द बाबांच्या छातीत बसला. आजवर त्यांनी शेकडो मागण्या छापल्या होत्या, पण त्यांच्याकडे कुणी केलेली ही पहिलीच. आमच्या घरात कोणतीही गोष्ट सभा घेतल्याशिवाय ठरत नसे. सभा म्हणजे बाबा अध्यक्ष, आक्का बोलणार, मी टाळ्या वाजवणार आणि आई भाकर्‍या थापता थापता मान वर न करता पीठ लागलेला हात वर करणार. आई सभेत कधी बोलत नसे. ठराव एकमताने संमत झाला: स्वयंपाकघरातली मोरी काढून टाकावी, मागच्या पडवीत चार भिंतींचं, दाराचं न्हाणीघर बांधावं.

आता कंत्राटदार निवडायचा. ओळखीतला माणूस धरला तर तो वशिला होतो, असं बाबांचं म्हणणं. म्हणून त्यांनी चक्क पत्रक छापलं. वर ठळक अक्षरांत ‘न्हाणीघर झालेच पाहिजे!’ आणि खाली बारीक टायपात, इच्छुक कंत्राटदारांनी भेटावे, वगैरे. आजवर बाबांचं प्रत्येक पत्रक सार्वजनिक प्रश्नावर निघालेलं. बारीक अक्षर कोण वाचतो? दुसर्‍या दिवशी दारात माणसं. दोघंतिघं तर पंचा खांद्यावर टाकूनच आलेले. “साहेब, पेठेचं न्हाणीघर कवा चालू होतंय? बायकांचं वेगळं हाय न्हवं?” बाबा समजावून सांगत होते आणि लोक समजून न घेता त्यांचं अभिनंदन करून जात होते. आक्का ओट्यावर बसून हसली. मग म्हणाली, “बघ, किती जणांना पायजे हाय. आनि तू ह्याच्यावर आजपातूर एक पत्रक काढलं न्हाईस.”

बाबा म्हणाले, “आक्का, अंघोळ हा काय पत्रकाचा विषय आहे?”

“मग कशाचा हाय?” आक्काने विचारलं. बाबा उरलेली पत्रकं गोळा करून छापखान्यात गेले.

पंचेवाले पांगल्यावर खरे कंत्राटदार येऊ लागले. त्यांतला एक बाबांच्या मनात फार भरला. हा गृहस्थ कामगारांच्या सभांत भाषणं करायचा, आवाज असा की चहाची बशी थरथरावी. बाबा म्हणाले, “विचारांचा माणूस आहे. ह्यालाच देऊ.” आक्का म्हणाली, “विचार र्‍हाऊ देत. त्येच्या घरची न्हाणी बघू.” कंत्राटदार निवडायची तिची रीत ही एवढीच. नकाशा बघायचा नाही, जुनी कामं बघायची नाहीत. त्याच्या घरी जायचं आणि त्याची बायको कुठे अंघोळ करते ते बघायचं. “जो आपल्या बायकूला दार देत न्हाई, त्यो मला कशाला देतोय?” गाठोड्यात पंचा, लुगडं आणि शिकेकाईची डबी बांधून ती निघाली. मागोमाग बाबा आणि मी.

भाषणवाल्यांच्या घरी न्हाणीघर होतं, पक्कं, विटांचं. आक्काने दार लोटलं, ते अर्धंच उघडलं. आत मोर्चांच्या फलकांची चळत रचून ठेवली होती. सगळ्यात पुढच्या फलकावर होतं, ‘महिलांना न्याय मिळालाच पाहिजे’. त्यांची बायको मागे उभी होती. आक्काने तिला विचारलं, “बाई, तू कुठं अंघोळ करतीस?” तिने स्वयंपाकघरातल्या मोरीकडे बोट दाखवलं. कंत्राटदार घाईने म्हणाले, “पावसात भिजतात हो फलक, म्हणून तात्पुरते ठेवलेत.” आक्का म्हणाली, “भिजू देत की. ती बी भिजतीयाच.”

दुसरा सफारी घातलेला, हातात गुंडाळलेला नकाशा. त्याच्या घरचं न्हाणीघर बघून माझे डोळे दिपले. गुलाबी टाइल्स, आरसा, आणि न्हाऊ घालायला एक बाळंतीण आणि तिचं बाळ दोघं मावतील एवढा टब. पण दाराला बाहेरून कुलूप आणि किल्ली त्याच्या खिशात. “पाव्हण्यांसाठी ठेवलंय, मावशी. घरातली माणसं मागं उरकतात.” मागे म्हणजे परसात, केळीच्या आडोशाला. आक्काने टबावरून हात फिरवला, कपाळाला लावला आणि म्हणाली, “बरं देऊळ हाय. आता अंघोळीची जागा असलेला कुणीतरी बघतो.”

तिसरा होता गडमुडशिंगीचा दत्तू मेस्त्री. तो पत्रक वाचून आला नव्हता. त्यात त्याच्या मेहुण्याने भजी बांधून आणली होती आणि पुड्यावरचा पत्ता तेवढा वाचून दाखवला होता. मेस्त्री म्हणजे एक नंबरचा बडबड्या. आपण बांधलेली भिंत हत्तीने धडक दिली तरी हलणार नाही, असं तो सांगायचा. हत्ती कुठला, हे मात्र सांगायचा नाही. आम्ही त्याच्या घरी पोचलो, तर बहाद्दर स्वतः उघड्या अंगाने, खांद्यावर टॉवेल टाकून, आपल्याच न्हाणीच्या दारासमोर उभा. भिंत एका बाजूला कललेली, पत्र्याला ठिगळ. पण दार बंद. मेस्त्री दारावर टकटक करत होता. “अगं, आटप की. पावणं आल्यात.”

आतून बाईचा खणखणीत आवाज आला, “थांबा की!”

मेस्त्री आमच्याकडे बघून कसनुसा हसला. “बायकू हाय आत. रोजचंच हाय हे. मलाच येळ मिळत न्हाई.” जरा थांबून पुन्हा टकटक. पुन्हा “थांबा म्हटलं न्हवं!” आणि मेस्त्री थांबला. कोल्हापूर जिल्ह्यात एक पुरुष स्वतःच्या घरात, स्वतः बांधलेल्या दारासमोर, टॉवेल घेऊन उभा होता. आक्का त्याच्याकडे देवळातल्या मूर्तीकडे बघावं तशी बघत होती.

शेवटी कडी वाजली आणि हौसा बाहेर आली, मेस्त्रीची बायको. केस मोकळे, तोंड लालबुंद, आणि घाईचा मागमूस नाही. आक्काला म्हणाली, “या की, पाणी हाय अजून.” आक्का आत गेली. खडाक. मग आतून काहीच आवाज आला नाही. ना पाण्याचा, ना कडीचा. बाबा अस्वस्थ झाले. “आक्का, बरं आहे ना?” कितीतरी वेळाने आक्का बाहेर आली, कोरडीच. गाठोडंही सोडलेलं नव्हतं. ती आत नुसती उभी राहिली होती. दार लावून उभं राहिल्यावर कसं वाटतं, ते बघत.

“ह्योच मेस्त्री,” ती म्हणाली.

बाबांनी तिला बाजूला घेतलं. “आक्का, भिंत वाकडी आहे त्याची.”

“असू दे. कडी सरळ बसतीया.”

काम सुरू झालं आणि आमच्या घरातल्या सभांना ऊत आला. विटा कुठे रचाव्यात, ठराव. खिडकी केवढी, ठराव. मेस्त्रीने फरशी बसवून पाणी वाहून जायला उतार दिला, आणि त्याच संध्याकाळी आक्काच्या लक्षात आलं, की दार छापखान्याकडे तोंड करून येतंय. तिकडून माणसांची ये-जा. तिने सभा बोलावली. दार परसाच्या बाजूला घ्यावं, असा ठराव मंजूर झाला. मेस्त्री डोक्याला हात लावून म्हणाला, “अवो, उतार त्याच बाजूला दिलाय की! दारातनं पाणी भाईर येईल.” बाबा म्हणाले, “मेस्त्री, ठराव एकमताने झालाय.” मेस्त्री म्हणाला, “ठराव झाला म्हणून पाणी थांबतंय व्हय, साहेब?” फरशी उखडायला आक्का तयार नव्हती. तिला आता एक दिवसही थांबायचं नव्हतं. मग मेस्त्रीने दारात वीतभर उंच उंबरा घातला आणि पाण्याला बाजूने भोक पाडून वाट काढून दिली. त्या उंबर्‍याने पुढे आमच्या घरात सगळ्यांची बोटं फोडली. बाबांच्या अंगठ्याची जखम तर कधी भरलीच नाही. ठेच लागली की ते म्हणायचे, “एकमताचा उंबरा आहे, बोलून उपयोग नाही.”

पहिली अंघोळ आक्काची, हाही ठरावच. बंब पेटवला. आक्का गाठोडं घेऊन त्या उंबर्‍यावरून आत गेली. खडाक. छापखान्यातली माणसं हातातलं काम टाकून पडवीत येऊन उभी राहिली होती, त्यांना आईने झाडणी दाखवून परत पाठवलं. आधी पाण्याचा आवाज आला. मग थांबला. मग आतून गाणं सुरू झालं. आक्काने गाणं म्हणणार असं सांगितलं होतं, पण कोणतं, ते आम्ही विचारलं नव्हतं. ती ओवीच्या चालीवर, आलाप घेत, बाबांचं पत्रक म्हणत होती.

“नागरिक बंधू-भगिनींनोऽऽ, किती दिवस सहन करणाऽऽर…”

मी हसून हसून जमिनीवर बसले. आईने तोंडाला पदर लावला. बाबा टॉवेल घेऊन दाराशी उभे होते. आक्काने पाणीटंचाईचं पत्रक म्हटलं, रस्त्याच्या खड्ड्यांचं म्हटलं, गिरणीच्या धुराचं म्हटलं. बंबातलं पाणी संपत आलं. बाबा हळूच म्हणाले, “आक्का, झालं का गं?”

“थांब की!” आतून आवाज आला.

बाबा थांबले. त्यांचा चेहरा मला आजही दिसतो. आपली वाक्यं खरोखर कुणाच्या तरी कामी आली, हे त्यांना पहिल्यांदाच दिसत होतं बहुतेक.

त्यानंतर आक्काची अंघोळ हा आमच्या घराचा भोंगा झाला. पत्रक बदललं की गाणं बदलायचं. पेठेतल्या बायका काहीतरी निमित्त काढून यायच्या. “आक्का, जरा डोकं धुऊन घिऊ काय?” आक्का त्यांना आत सोडायची आणि बाहेर स्टूल टाकून राखणीला बसायची. त्या बायकांनी आपापल्या घरी जाऊन काय सांगितलं, मला ठाऊक नाही. पण दत्तू मेस्त्रीला मंगळवार पेठेतून सवड मिळेनाशी झाली. त्याच्या भिंती सगळीकडे वाकड्याच उभ्या राहिल्या आणि कड्या सगळीकडे बसल्या.

पुढे आक्काचे गुडघे गेले. उंबरा ओलांडताना तिला धरावं लागे. डॉक्टरांनी बजावलं, म्हातार्‍या माणसाने आतून कडी लावायची नाही, पडल्या तर कळणार कसं? बाबा पाना-पक्कड घेऊन कडी काढायला गेले. ते तिच्या काळजीनेच गेले होते, हे मान्य. आक्का दाराला टेकून उभी राहिली. “कडी काढायची न्हाई. पडलो तर दार फोडा. दार दुसरं करता येतंय.” बाबांनी सभा बोलावली. आईने भाकरी तव्यावर टाकली आणि आक्काच्या बाजूने हात वर केला. मी केला. बाबा एकटे पडले. कडी राहिली. आक्का कधी पडली नाही.

ती गेली तिच्या अंथरुणात, झोपेत. घर माणसांनी भरलं. रीत अशी, की मेलेल्याला शेवटची अंघोळ अंगणात घालायची. पुरुषांनी पाट मांडला, चूल पेटवली. बाई असेल तर चार बायका आडोशाला लुगडी धरतात, आणि धरता धरता वारा येतो. हयातभर दार मागितलेल्या बाईला तुम्ही अंगणात बसवणार? मी ओरडायला तोंड उघडलं, पण त्याआधीच आई बोलली. कधी न बोलणारी आई. “इथं न्हाई,” ती म्हणाली. “आत.”

कुणीतरी भावकीतला म्हणाला, “अवो, रीत हाय.” आईने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. बाबांनी आणि दत्तू मेस्त्रीने आक्काला उचललं. उंबर्‍यावर बाबांना ठेच लागली. ती लागणारच होती. दोघं आक्काला ठेवून बाहेर आले. आत आई, मी आणि हौसा. मी कडी घातली. खडाक.

आम्ही अंगभर पाणी घातलं, शिकेकाई लावली, केस मोकळे करून धुतले. कसलीच घाई केली नाही. आईने तांब्या भरता भरता, अगदी हळू, ओवीच्या चालीवर सुरू केलं, “नागरिक बंधू-भगिनींनोऽऽ…” आणि तांब्या आक्काच्या केसांवर ओतला. पुढचे शब्द हौसाने घेतले. आक्काकडे येऊन येऊन तिलाही ते पाठ झाले होते.

बाहेरून दारावर थाप पडली. “आटपा, उशीर व्हायलाय.”

“थांबा की!” हौसा ओरडली.

आणि बाहेरून दत्तू मेस्त्रीचा आवाज ऐकू आला, रडवेला पण खणखणीत, “थांबा म्हणत्यात न्हवं? मग थांबा.” सगळे थांबले.

बाबांनी जे पत्रक कधी काढलं नाही, ते हे समजा. टाळ्या नकोत, सहीही नको. वाचून झालं की उठा, आणि तुमच्या घरातल्या न्हाणीघरात जा. दार लावा, आतून कडी घालून बघा. बसत नसेल तर खिळा-हातोडी घ्या, आजच. नवं न्हाणीघर बांधणार असाल तर मेस्त्रीचा नकाशा बघण्याआधी त्याच्या घरचं दार बघून या. आणि तिथे किंवा तुमच्या स्वतःच्या घरात, दाराआडून कुणी “थांबा की” म्हणालं, तर कृपा करून थांबा.